वर्षाला एक झबलं

आज मी जो काही आहे, तो सगुणा दानिएल साळवे यांच्यामुळे आहे. हे नाव आधीच लिहून टाकतो. पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडखळेल, आणि नावच राहून जाईल अशी भीती वाटते. पाच आठवड्यांपूर्वी सांगलीला ऑफिसात दुपारचा डबा उघडत होतो, तेव्हा नाशिकहून काकांचा फोन आला. दानिएलकाका म्हणजे सगुणामावशींचे यजमान. "गेली रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "झबलं अर्धंच राहिलं. एक बाही लावायची होती."

मी मूळचा विंचूरचा. वडील कांदा मार्केटात हमाल, आई तिथेच कांदा निवडायला. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला हेल्पर म्हणून लागलो आणि सकाळी कॉलेज करायचं ठरवलं. सातपूरच्या कामगार वसाहतीत खोली शोधत फिरत होतो तेव्हा एका दारावर 'लेडीज टेलर' अशी पाटी दिसली. आत एक बाई मशीन चालवत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या खांद्यांवर धरली. "शर्ट मोठ्या भावाचा दिसतोय," त्या म्हणाल्या. "कुठला रे तू?" मी गावाचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. 'विंचूरकर' हेच माझं नाव झालं, आणि घराची मागची खोली माझी झाली.

मावशी सातवी शिकलेल्या. तरी माझा अभ्यास त्यांनीच घेतला. मशीनशेजारी स्टुलावर बसवून मला मोठ्याने वाचायला लावायच्या. एकदा मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. पण तुझा आवाज अडखळला की तुला येत नाही, एवढं कळतं." पहिल्या वर्षी मी गणितात नापास झालो आणि बॅग भरायला लागलो. त्यांनी बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढले. "शिवण चुकली तर कापड फेकतात का? उसव आणि पुन्हा शीव."

मी त्यांच्या धर्माचा नाही. त्यांनीही मला कधी चर्चला चल म्हटलं नाही. पण त्यांच्या मंडळीतली एक पद्धत मला त्यांच्याकडूनच कळली. एक जानेवारीच्या सकाळी उपासना झाली की एक ताट फिरतं. त्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या असतात, आणि प्रत्येक चिठ्ठीवर देवाचं एक वचन. जी हाताला लागेल ती त्या माणसाची त्या वर्षाची. मावशींची तीन मुलं गेली होती. दोन पोटातच. तिसरं जन्माला आलं आणि नऊ दिवस जगलं. त्यानंतरच्या एक जानेवारीला ताट त्यांच्यापुढे आलं आणि हाताला जी चिठ्ठी लागली तिच्यात लिहिलं होतं की ठरलेल्या वेळी तुझ्या मांडीवर लेकरू असेल. मावशी तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी दुसरी चिठ्ठी काढली नाही. दर वर्षी ताट यायचं आणि त्या ते पुढे सरकवायच्या. "माझी आहे," म्हणायच्या. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज यायचा, असं काका सांगायचे.

दर वर्षी जानेवारीत त्या उरलेल्या कापडांतून एक झबलं शिवायच्या. वर्ष संपलं की ते वसाहतीतल्या कुठल्यातरी नव्या बाळाला देऊन टाकायच्या आणि दुसरं शिवायला घ्यायच्या. जुनं झबलं देवाला कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. शास्त्राच्या पुस्तकातही, म्हणजे त्यांच्या बायबलातही, त्यांचं शिंपीकामच चालायचं. जे वचन अजून पुरं व्हायचं आहे त्याच्याखाली कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने रेघ ओढायची, आणि पुरं झालं की ओल्या बोटाने पुसायची. मी पदवीधर झालो त्या दिवशी त्यांनी एक रेघ पुसली. कुठली ते दाखवलं नाही.

शेजारच्या निर्मलाबाईंची जीभ तिखट. एकदा ब्लाऊज घ्यायला आल्या आणि मशीनवर झबलं बघून म्हणाल्या, "काय साळवेबाई, यंदा तरी पाहुणा येणार का? का पंचविसावं झबलं पण लोकांच्याच पोराला?"

"सव्विसावं," मावशी म्हणाल्या. "अन् असं बघा, तुम्ही माझ्याकडे कापड टाकता. दहा फेऱ्या मारता. म्हणून मी तुमचं कापड खाल्लं का? शिंप्याचा वायदा लांबतो, पण ब्लाऊज मिळतो की नाही?"

"मिळतो ना," निर्मलाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन गेल्यावर!"

दोघीही हसल्या. मावशी जरा जास्तच हसल्या. निर्मलाबाई गेल्यावर मशीन बराच वेळ बंद होती.

सांगलीला नोकरी लागली तेव्हा निरोप घेताना मी धीर करून म्हणालो, "मावशी, ते वचन माझ्यातच पुरं झालं असं का नाही समजत तुम्ही?" त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, पण बोलल्या ते कापल्यासारखं. "तू तुझ्या आईच्या पोटचा. तिने कांद्यात डोळे जाळून तुला वाढवलं. तिचं लेकरू मी का चोरू? तू देवाची दया आहेस, विंचूरकर. वचन वेगळं." बसमध्ये मी सिन्नरपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा मला ते बोलणं फार क्रूर वाटलं होतं. खरं क्रौर्य पुढे होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी नाशिकला गेलो. मावशी सत्तावन्न वर्षांच्या. चेहरा उतरलेला, हात काटकुळे, पण डोळ्यांत अशी चमक की मी आधी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "सात वर्षांपूर्वी बंद झालेलं पुन्हा सुरू झालं रे. आणि हे बघ…" त्यांनी पदर थोडा बाजूला केला. पोट दिसण्याइतकं वाढलं होतं. "कोणाला सांगू नकोस. पाचवा महिना लागला की मीच सांगेन." मला लाज वाटली. मी मान हलवली आणि सांगलीला परत आलो.

आठवडाभराने बायकोशी बोललो. आशाचा चेहराच पांढरा पडला. "अहो, या वयात पुन्हा सुरू होणं हे चांगलं लक्षण नाही. आजच्या आज डॉक्टरकडे न्यायला सांगा." मी फोन केला. मावशी हसल्या. "माझ्या डॉक्टरने तीस वर्षांपूर्वीच लिहून दिलंय," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा केला की त्या फोन काकांकडे द्यायच्या आणि काका 'बघू' म्हणून ठेवून द्यायचे. मी दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत बसलो.

दिवाळीत गेलो तर पोट चांगलंच पुढे आलेलं आणि गळपट्टीची हाडं वर. काका मला चहाला म्हणून बाहेर घेऊन गेले. आयुष्यभर लेथ मशीनवर काढलेला माणूस, बोलायची सवय नाही. त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटसमोर टपरी आहे, तिथे उभे राहिलो. चहा निवला तरी त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही.

"ती चिठ्ठी मी लिवली होती," ते म्हणाले.

"कुठली चिठ्ठी?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या लिवायचं काम माझ्याकडंच होतं, अक्षर बरं म्हणून. तिसरं गेल्यावर ती जेवत नव्हती. कोणाशी बोलायची नाय. एकदा गंगेवर गेली, गोदावरीच्या घाटावर, अन् पाण्यात उभी राहिली तासभर. मला लय भ्याव वाटलं. मग ती एक जास्तीची लिवली. ताट मीच फिरवत होतो. तिच्यापुढं आल्यावर अंगठ्यानं सरकवली. वाटलं, एवढं वर्ष तगून जाईल. पुढच्या वर्षी दुसरी काढंल…" त्यांनी चहा रस्त्यावर ओतून दिला. "तिनं दुसरी काढलीच नाय."

"काका, आता तरी सांगा त्यांना."

"कोणत्या तोंडानं? तीस वर्षं झाली. तीस झबली शिवली तिनं. तू पण सांगायचं नाय. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि सांगलीला येऊन तीन आठवडे तो पाळला. मग एका रविवारी पत्र लिहायला बसलो. मावशींनी माझ्याकडून महिन्याला एक पत्र घ्यायची शिस्त लावली होती. फोनवर माणूस खोटं बोलतो, कागदावर लाज वाटते, असं त्या म्हणायच्या. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं. मी एका माणसाला दिलेला शब्द मोडत होतो आणि दुसऱ्या माणसाचा देव.

पत्र मिळाल्यावर मावशी स्वतःच उठून डॉक्टरकडे गेल्या. काकांना सांगितलं नाही. बरोबर निर्मलाबाई होत्या. रिक्षात त्यांनी मावशींचं डोकं खांद्यावर घेतलं होतं आणि मावशींपेक्षा जास्त त्याच रडल्या, असं मला नंतर कळलं. गाठ होती. पोटात पाणी झालं होतं. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक? तीन-चार महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." मी हिशेब केला नाही. गणपती कधी होते ते मला माहीत होतं.

मावशी काकांशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. काका वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसून राहायचे, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. दहाव्या दिवशी मावशींनी मला सांगितलं, "त्यांना आत बोलव." काका आले आणि पायाशी उभे राहिले.

"देवाने एकदा गाढवाला वाचा दिली होती," मावशी म्हणाल्या. "त्याच्या तोंडून तो बोलला. तुम्ही त्यापेक्षा जरा शहाणे आहात, म्हणून मला तीस वर्षं कळलं नाही."

काका रडायला लागले. मला म्हणाले, "गाढव म्हणाली. माफ केलं रे तिनं."

"माफ केलंय, पण रेघ पुसलेली नाही," मावशी म्हणाल्या. "चिठ्ठी कोणी का लिहीना. ज्याचं वचन तो बघून घेईल." मग माझ्याकडे वळल्या. "आणि विंचूरकर, तुलाही तीच खोड लागली." मला वाटलं, ग्लानीत काहीतरी बोलतायत.

एक जानेवारीला त्यांचे पाळकसाहेब ताट घेऊन वॉर्डात आले. मावशींनी डोळे उघडले. "यंदा कोणी लिहिल्यात?" काका म्हणाले, "छापील आल्यात." "मग नको," म्हणाल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. ते त्यांचं मी पाहिलेलं शेवटचं हसू. रजा संपल्याने त्यानंतर मी सांगलीहून रविवारी येऊन जायचो, पण त्या दोन आठवड्यांत जे झालं ते लिहिणार नाही. वेदना इतक्या होत्या की ज्या बाईने देवाला तीस वर्षं उशिराबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं, ती शेवटी फक्त आईला हाक मारत होती.

दफनानंतर मी पुढच्या खोलीत एकटाच बसलो. मशीनवर पिवळ्या ठिपक्यांचं झबलं तसंच होतं, सुई कापडात रुतलेली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, जानेवारीची वाट न बघता, त्या ते शिवत होत्या, असं काकांनी सांगितलं; म्हणजे पत्र वाचल्यानंतर. पोटात काय आहे ते कळल्यावरही त्या झबलं शिवायला बसल्या होत्या. मला अजून याचा अर्थ नीट लावता येत नाही… मशीनचा खण उघडला. आत बॉबिन, बटणं, पिवळी पडलेली ती चिठ्ठी, आणि तिच्या घडीत माझं पत्र. निळ्या खडूची एकच रेघ होती. पत्राच्या शेवटच्या ओळीखाली. पुसलेली नव्हती.

ते पत्र असं आहे:

तीर्थस्वरूप सगुणामावशी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही ऐकत नाही, म्हणून कागदावर लिहितो. ती चिठ्ठी देवाकडून आली नव्हती. काकांनी लिहिली आणि तुमच्यापुढे सरकवली. न सांगण्याचा शब्द मी त्यांना दिला होता, तो मोडतो आहे. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना तुम्ही जिवंत हव्या होत्या. मलाही तेवढंच हवं आहे.

तुमच्या पोटात बाळ नाही, मावशी. हे वाक्य लिहायला मी चार कागद फाडले. जे आहे तो आजार आहे, आणि तो थांबणार नाही. उद्या सकाळी निर्मलाबाईंना घेऊन डॉक्टरकडे जा. मी रजा टाकून येतोच आहे.

मी नापास झालो तेव्हा तुम्ही माझी बॅग रिकामी केलीत. आज तेच मी तुम्हाला सांगतो. उसवा, आणि पुन्हा शिवा.

तुमचा,
विंचूरकर

ता. क. तुम्ही बऱ्या होऊन घरी याल. हा शब्द देवाचा नाही, माझा आहे.