पिवळं कार्ड

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. ते कार्ड मी पाहिलं होतं.

सिकंदराबादच्या एका शाळेत मी सपोर्ट टीचर आहे. म्हणजे शिकवत नाही. ज्या मुलांना राग, भीती, रडू आवरत नाही, त्यांच्या शेजारी वर्गात बसतो आणि जमेल तेवढा वेळ त्यांना तिथे टिकवतो. कंपनीतली नोकरी गेल्यावर पन्नाशीच्या तोंडावर हे मिळालं. संध्याकाळी चिक्कडपल्लीला घरी पोचल्यावर कुणी नुसतं चहा घेणार का विचारलं, तरी हो म्हणायचा कंटाळा येतो.

आठवीतली एक मुलगी माझ्याकडे होती. आत काहीतरी चढायला लागलं की तिची वाचाच बंद व्हायची. म्हणून आम्ही ठरवलं होतं की तिने पिवळं कार्ड बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं, मी उठायचं आणि दोघांनी शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन बसायचं. मी काही विचारायचं नाही. हे तिच्या गळी उतरवायला दोन महिने लागले.

"सर, तुम्ही नाही उठलात तर?" तिने विचारलं होतं.

"उठेन," मी म्हणालो होतो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच दोनदा चिंचेखाली जाऊन झालं होतं. शाळेतली आया हसून म्हणाली, "क्या सर, झाड के नीचेच घर बांध लेते क्या?" मीही हसलो, पण ते लागलं. दुपारी गणिताच्या तासाला पाय सुजले होते, म्हणून बाकाखाली चपला काढून ठेवल्या. तेवढ्यात डोळ्याच्या कडेला पिवळं दिसलं. मी पुस्तकात बघत राहिलो. पाच मिनिटं निभावेल, असं स्वतःला सांगितलं. तिने कार्ड थोडं माझ्याकडे सरकवलं. मी पान उलटलं.

मग तिची कंपासपेटी उडाली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले.

आमच्या कामात असं काही झालं की त्याच दिवशी वहीत नोंद करायची असते. एक रकाना असतो: मुलाने आधी खूण दिली का? मी लिहिलं, नाही. अक्षरही चांगलं आलं होतं.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं आणि ती वही पुढे ठेवली. खोलीत सगळं बोलणं इंग्रजी-तेलुगूत चाललेलं. आई मात्र माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "सर, तुम्ही आपल्यातले. तिने कार्ड ठेवलंच नव्हतं का हो?"

"नाही ठेवलं, ताई."

मुलगी तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. मी खोटं बोलतोय, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. खूण ठरवून दिली तरी ती देत नाही, मग बाकीच्या मुलांची जबाबदारी कोण घेणार, असं म्हणून शाळेने आईला तिला शाळेतून काढून घ्यायला सांगितलं.

गेल्या महिन्यात कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिची आई भेटली. मुलगी आता घरीच अभ्यास करते, बाहेरून परीक्षा देणार आहे. आईने आधी माझीच तब्येत विचारली. मग म्हणाली, "घरीपण कार्ड केलं हो तिच्यासाठी. हात लावत नाही. म्हणते, ठेवून काय होतं?"

मी त्यांना विज्ञानाचं गाईड निवडून दिलं आणि बस पकडली.

ती वही अजून आमच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडेच असते. त्या रकान्यातलं 'नाही' खोडून मुख्याध्यापकांपुढे वही ठेवायची आहे. त्यात नोकरी गेली तर गेली. पण त्याआधी त्या मुलीच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर तिला सांगायचं आहे: तू कार्ड ठेवलं होतंस, मी पाहिलं होतं, मी उठलो नाही. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.