पाठीवरची अंडी

दत्ताराम किड्यांची लग्नं लावतो, ही बातमी लालबागच्या चाळीत लवूने पसरवली, आणि लवूने पसरवलेली बातमी परत गोळा करायची सोय नव्हती. बातमी खोटीही नव्हती म्हणा. परळच्या एका कॉलेजात दत्ताराम प्रयोगशाळेचा हमाल होता. तिथले सर किड्यांच्या संसाराचा अभ्यास करत. नर मादीला कसा रिझवतो, अंडी घातल्यावर कोण थांबतं, कोण पसार होतं. टाक्यांत जोड्या सोडायच्या, पाणी बदलायचं, कोण कोणाच्या जवळ गेलं ते सरांना सांगायचं, ही दत्तारामची नोकरी.

तो खोलीवर आला की लवू चटईवरूनच ओरडे, "इले भटजी! दत्त्या, आज कोणाचा लगीन लावलंस रे? जेवणावळ होती की नाय?"

दत्ताराम हसून सोडून देई. खोली गावकीची. एकाच गावचे बारा पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. बाईमाणूस नि पोरंबाळं ठेवायची नाहीत असा गावकीचा कायदा. म्हणून त्याची बायको कौसल्या मालवणाकडे गावीच राहिली आणि पहिल्या बाळंतपणात गावीच वारली. मागे राहिली ती चंपा. आजीने, म्हणजे दत्तारामच्या आईने, राधाबाईंनी, वाढवलेली. तीन वर्षांत बापाने तिला दोनदा पाहिलं होतं.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात राधाबाईंचं पत्र आलं, मास्तरांच्या हातचं. 'माझी दृष्टी गेली. पोर सांभाळवत नाही. बेळगावची आपल्या नात्यातली कमलाबाई पौषी पौर्णिमेला येते आहे, तिला मूल नाही. त्याआधी येऊन नेलीस तर तुझी. नाहीतर तिची.'

दत्ताराम पत्र घेऊन खाली खानावळीत सुंदराबाईंकडे गेला.

"आण की पोरीला," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "वीस बाप्यांचं जेवण करते मी. मूठभर पोर काय जड आहे? माझ्याजवळ झोपेल. पण तू जाशील तर खरा?"

"जाणार म्हणजे जाणारच!"

आता मधेच किड्यांनी घोळ घातला. नव्या टाकीत तळ्यातले चपटे, तपकिरी किडे सोडले होते. जानेवारीत एका सकाळी दत्तारामने पाहिलं तर एकाच्या पाठीवर फिकट दाणे उठलेले, देवीच्या फोडांसारखे. टाकी स्वच्छ ठेवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याने तो किडा चिमट्यात धरला आणि ब्रशने पाठ लख्ख घासून काढली.

सर आले, टाकीत पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"दत्ताराम, रोग नव्हता रे तो. अंडी होती. मादी याच्या पाठीवर चिकटवून निघून जाते. हा बाप आहे."

"बाप? किड्यात?"

"हजारात एखादा. बाकीचे नर एकीकडून दुसरीकडे. पण यांची अंडी मोठी. पाण्याखाली गुदमरतात, पाण्याबाहेर सुकतात. लाखो वर्षांपूर्वी कोणा एका नराच्या पाठीवर ती तगली असतील, त्याचा वंश राहिला. सोडून गेले त्यांचा नाही. हा ती घेऊन वरखाली करतो. त्या ओझ्याने धड शिकारही जमत नाही त्याला."

दत्ताराम त्या दिवशी जेवला नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या नराच्या पाठीवर अंडी आली. "पिल्लं निघेस्तोवर मी बघतो," दत्ताराम आपण होऊन म्हणाला. "ही मरू देत नाही." गावच्या बोटीने जायचं त्याने पुढे ढकललं. आठ दिवसांनी मुंबईवरून आग पेटली. मुंबई महाराष्ट्राला नाही, असं दिल्लीत ठरलं. लालबाग-परळला दगड, गोळ्या, कर्फ्यू. सर दादरला अडकले. दत्ताराम गल्लीबोळांतून कॉलेजात जाई आणि टाकीत वाकून बघत बसे. पुढे कर्फ्यू उठला. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत होत्या.

"मेल्या, जा ना गावाक!" लवू पहिल्यांदाच न हसता म्हणाला. "किड्याची पोरा सांभाळतंस, तुझा पोर खंय हा?"

"चार दिवस रे. फक्त चार दिवस."

पौर्णिमेच्या सकाळी पिल्लं निघाली. दत्तारामने ती मोजली: एकसष्ट. त्याच पावली त्याने धक्का गाठला.

दुसऱ्या दिवशी गावच्या खळ्यात राधाबाई एकट्याच बसल्या होत्या. चंपाचं परकर-पोलकं दोरीवर वाळत होतं. ओलं म्हणून मागे राहिलेलं.

"सकाळच्याच गाडीन नेल्यान तिका," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्याचं तोंड चाचपलं. "मुंबयत गोळी चलली, मास्तरान वाचून दाखवल्यान. म्हणान तुका येवक जमला नाय. तुझो जीव वाचलो, ह्या काय थोडा झाला?"

दत्ताराम "होय" म्हणाला. त्या 'होय'पायी तो बेळगावला कधी गेला नाही. एकदा खोटं बोललेला बाप कुठल्या तोंडाने हक्क सांगणार?

साठ साली मे महिन्यात चाळीत पेढे वाटले. "मुंबई आपली झाली!" लवू नाचत होता. जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, "पण बेळगाव राहिलं की रे तिकडेच."

लवू नाचायचा थांबला. दत्तारामच्या हातावर त्याने पेढा ठेवला, आणि त्यावर दुसरा, चंपाच्या वाटचा.