सदोम नगरीसाठी घासाघीस

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला आजही वाटत नाही. नोकरीची सारी वर्षे शहापुरात इतरांचे निबंध तपासण्यात गेली. स्वतःचे चार परिच्छेद लिहायला निवृत्ती उजाडावी लागली. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

या हिवाळ्यात माझ्या मामाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. धुळीत जायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद असल्याने म्हशाची जत्रा त्याला चुकली. जन्मभर त्या जत्रेत बैलांचे सौदे करणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती. त्याला वाचून दाखवण्यासाठी म्हणून मी मुरबाडमार्गे त्याच्या घरी राहायला आले.

मामीने मला बोलावले होते ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. माझ्या मामेभावाने वाशिंदच्या कारखान्यात नोकरी धरली आणि शेत कसायला कोणी नाही म्हणून वडिलांना न विचारता बैलजोडी विकून टाकली. तेव्हापासून मामाने त्याला घराचे दार बंद केले होते. मधल्या काळात मामेभावाला मुलगी झाली. मामीने आपल्या नातीचे तोंडही पाहिले नव्हते.

"तू शिकलेली. तुजं आयकतील," मामी म्हणाली. माझ्याने विषय काढवेना. मी पुस्तक उघडून बसले.

पुस्तक देशोदेशींच्या प्राचीन कथांचे होते. त्या दुपारी सदोम नगरीची कथा आली. तिथल्या लोकांची दुष्कृत्ये इतकी वाढली की देवाने नगरी जाळण्याचे ठरवले. तेव्हा एक वृद्ध मेंढपाळ देवापुढे उभा राहिला. पन्नास सज्जन सापडले, तर नगरी राखशील का? देव हो म्हणाला. वृद्धाने पंचेचाळीस केले, मग चाळीस, तीस, वीस.

मामा उठून बसला. "हा तर बाजारातला मानूस हाय गो! पुडं?"

"दहावर देव कबूल झाला आणि म्हातारा घरी गेला."

"दहावर सोडला? कच्चा निगाला. तोंडानं बोलत बसला ना, म्हनून. टॉवेलाखाली बोटं धरली असती, तर एकावर आनला असता देवाला!"

जत्रेत बैलांचा भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली एकमेकांची बोटे दाबून. मी हसू आवरले.

तेवढ्यात मामी सूप घेऊन आत आली आणि तांदूळ निवडायला बसली. "देव तरी उतरला," ती सुपावरची नजर न काढता म्हणाली. "काई लोक पयल्या भावावरनं हालत नाय."

"त्यानं माजे बैल इकले."

"त्यानं इकले. त्या तान्हीनं कुटं इकले?"

मी चमकले. दुष्टांबरोबर निरपराधांनाही जाळणार का, असेच त्या वृद्धाने देवाला विचारले होते. ते पान वाचले, तेव्हा मामी अंगणात होती.

"मग नातीला आना. मी कदी नको बोललो?"

"ती काय चालत येल? संगती आय नको?"

"सुनेला पन आना."

"तान्हीला काखंत घेऊन ती एकली एसटी बदलत येल?"

"त्यानं दारापर्यंत सोडावं नि जावं."

"उपाशी?"

मामाने काळा चष्मा सारखा केला. "जत्रेत मी नाय, तू बसायला पायजे होतीस," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "वाच गो पुडं. राहिलं का त्याचं गाव?"

पुढच्या पानावर आकाशातून अग्नी आणि गंधक बरसतात. त्या नगरीत दहा सज्जनही सापडत नाहीत. माझे डोळे दुखतात, असे सांगून मी पुस्तक मिटले.

मामीने त्याच संध्याकाळी वाशिंदला फोन केला. येत्या रविवारी तिघेही येणार आहेत. मामा मात्र रोज चहा पिताना मला विचारतो, "त्या गावाचं काय झालं गो?"

रविवारच्या आधी मी त्याला पुढचे पान वाचून दाखवावे का?