डाव्या हाताची सवय

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी रंगवून सांगता आल्या नाहीत आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या कधी पटल्या नाहीत. उभा जन्म पोरांना गणित शिकवण्यात गेला. वर्गात कुणी "सर, त्या चिंचेवर म्हणे..." असं सुरू केलं, की मी त्याला फळ्यापाशी बोलावून एक त्रैराशिक घालायचो. चिंच तिथंच राहायची. तरीही हे लिहायला बसलोय... नातवंडांनी पिच्छा पुरवला म्हणून, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांतलं आता संकोचायला कुणी उरलं नाही म्हणून.

काळ निजामाचा. पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीचा. माझं गाव कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण, पण नोकरी आळंदजवळच्या मादन हिप्परग्याच्या शाळेत. घरी आम्ही दोघंच, मी आणि बायको नीलम्मा. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत उर्दू — तिन्ही भाषांत मी सारख्याच चुका करायचो.

नाद एकच, सतारीचा. बिदरला एका उस्तादांकडे सहा वर्षं शिकलो. फार शिस्तीचे. बोटांखेरीज अंगातलं काही हललेलं त्यांना खपायचं नाही. मान डोलली तरी गुडघ्यावर छडी बसायची. डाव्या हाताचं बोट तारेवरून सरकावं म्हणून त्याला तेल लागतं. त्यासाठी खोबरेलात भिजवलेला कापूस डबीत घालून शेजारी ठेवायचा, ही त्यांची शिकवण. मी ती कधी मोडली नाही.

शिकतानाची माझी सतार अगदीच साधी होती. त्या वर्षी गुलबर्ग्याच्या एका मिस्त्रीकडून, जो वाद्यं दुरुस्त करायचा, मी दुसरी आणली. वापरलेली होती, पण आवाज असा की... जाऊ दे, आवाज लिहून दाखवता येत नाही. कुणाची म्हणून विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "कोई अक्का लाको दिये मास्तर, नाम नै पूछा मैं."

आठेक दिवस झाले असतील. संध्याकाळी मी वाजवत होतो, नीलम्मा भाकरी थापत होती. मधेच म्हणाली, "तुमी सारखं कानामागं बोट कामून घालायलाव?"

"मी? कधी?"

"आता घातलाव की. डाव्या कानामागं. शाळंतल्या पोरांच्या उवा आनल्याव का घरात?"

मी हसण्यावारी नेलं. पण ती रोज बघत राहिली आणि तिनं आणखी दोन गोष्टी हेरल्या. वाजवताना थांबलो, की माझा डावा अंगठा दांडीच्या पाठीवरून दोनदा वर-खाली फिरायचा. आणि सतार खाली ठेवण्याआधी मी त्याच हातानं दांडीला तीनदा थोपटायचो, तान्ह्या बाळाला निजवताना थोपटतात तसं. मला यातलं काहीसुद्धा जाणवत नव्हतं. मी सरळ म्हणालो, तुला भास होतोय.

बायकोला असं म्हणू नये, हे मला पुढच्या शुक्रवारी कळलं. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. तिनं माझ्या डोक्याला तेल घातलं आणि घालता घालता डाव्या कानामागं हळद चोळून ठेवली. मला पत्ता नाही. तासभर वाजवून उठलो, तर ती समोर उभी.

"बोट दावा."

डाव्या हाताचं पहिलं बोट पिवळं. तारेवर पिवळा माग, दांडीवरच्या पितळी पडद्यांवर पिवळे ठिपके. तेलाची डबी शेजारी उघडीच होती, तिला शिवलोही नव्हतो; तारेचं तेल मी कानामागून उचलत होतो. मग मी जुनी सतार काढून तासभर वाजवली. नीलम्मा समोर मांडी घालून बसली होती. त्या सतारीवर माझा हात एकदाही कानाकडे गेला नाही.

भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. त्या नव्या सतारीवर माझा हात पूर्वी कधी चालला नव्हता इतका छान चालायचा आणि मी खुशीत होतो. थोडा राग आला तो एवढ्याचाच — हात माझा, आणि मला न विचारता चालतो म्हणजे काय!

दोन महिन्यांनी आळंदला एका स्नेह्याकडे बारसं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर मला वाजवायला बसवलं. वाजवून झालं, मी सतार खाली ठेवली, तशी बायकांमधून एक चाळिशीची बाई उठून जवळ आली. डोळे भरलेले. तिचं नाव गंगक्का.

"मास्तर, तुमी आमच्या अप्पांकडं कवा शिकलाव?"

"कोण अप्पा?"

"शिवलिंगप्पा, आमचे वडील. कापडाचं दुकान हाय ते."

"अक्का, मी त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही."

तिनं सतारीच्या एका खुंटीवरची जुनी चीर बोटानं चाचपली. "ही आमचीच हाय," ती म्हणाली. "मीच गुलबर्ग्याला नेऊन दिल्ते. पन ते कानामागचं बोट? ते थोपटनं? ते तर अप्पांचं हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी अप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं हळूहळू सुधारलं, पाय ओढत चालूही लागले, पण हात काही उठला नाही. सतार दिसली की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे, म्हणून हिनं ती डोळ्यांआड केली.

"सतारीचं काय एवढं न्हाई मास्तर. लिंगाचं झालंय."

वाचकांपैकी सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतात आणि पूजेशिवाय जेवत नाहीत. नेमका तोच हात गेलेला. गंगक्का त्यांच्या तळहाताखाली आपला हात धरून बसायची, तशी पूजा चालली होती. एका सकाळी तिचं लक्ष चुकलं, तळहात कलंडला आणि लिंग जमिनीवर पडलं. जुन्या वळणाच्या माणसाला हे मरणाइतकं मोठं. मठाच्या स्वामींनी येऊन समजूत घातली, लिंग परत गळ्यात बांधलं. पण अप्पांनी ते पुन्हा हातावर घेतलं नाही. माझा हातच त्याला नको झालाय, म्हणाले. पूजा नाही म्हणून जेवण नाही. लेकीनं पाया पडून विनवलं, की दिवसातून एकदा वाटीभर कण्या.

"असंच चाललं तर हा उन्हाळा काढत न्हाईत," गंगक्का म्हणाली. "उद्या सकाळी येऊन त्यांच्याम्होरं वाजवताव का?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "आन् सतार बघून आनखीच खचले तर?"

नीलम्मा बारशाला बरोबर आली होती, तीच म्हणाली, "जावा. हात त्यांचा हाय. त्यांनला दावायला नको?"

सकाळी गेलो. बाजेवर एक लहानखुरं, वाळलेलं माणूस बसलं होतं. आम्ही नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मी सतारीची गवसणी काढली मात्र, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. गंगक्का घाबरून माझ्याकडे बघायला लागली. पण आता उठून जाणं आणखी वाईट झालं असतं. मी तोडी राग सुरू केला.

बराच वेळ ते भिंतीकडेच बघत होते. मग नीलम्मानं डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे माझं बोट कानामागं जाऊन आलं होतं. आणि अप्पांनी मान वळवलेली. ते माझ्या हाताकडे बघत होते. रागावून नाही, एखाद्या मास्तरनं पोराच्या पाटीकडे बघावं तसं.

"त्येल पुरंना," ते सावकाश, जड जिभेनं म्हणाले. "वर कामून घासायलाव? खाली घ्या. पाळीच्या मागं."

मी थांबलो. त्यांनी सांगितलं तसं बोट मुद्दाम न्यायला गेलो, तर जमेना. दोन महिने आपोआप जाणारा हात आता जागा शोधत होता.

"आसं न्हवं हो," अप्पा वैतागून म्हणाले. "आसं." आणि त्यांनी दाखवलं. डाव्या हातानं. हात थरथरत वर गेला, पहिलं बोट कानाच्या पाळीमागं टेकलं आणि खाली आलं. "कळालं का?"

"कळालं," मी म्हणालो.

त्यांना स्वतःला कळलंच नव्हतं. आम्हा तिघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. बोललो आणि तो हात परत पडला तर, अशी धास्ती. मी वाजवत राहिलो, ते चुका काढत राहिले. गंगक्का पदर तोंडात धरून रडत होती. निघताना मी सतार त्यांच्या मांडीला टेकवून ठेवली आणि घरी येऊन जुनी झटकून काढली. त्या दिवसानंतर माझं बोट पुन्हा कधी कानामागं गेलं नाही. नीलम्मानं वर्षभर पाळत ठेवली, मी आळंदला जाऊन तीच सतार वाजवायचो तेव्हासुद्धा.

माझा थोरला डॉक्टर आहे. तो म्हणतो, वारं गेलेला हात कधीकधी उशिरा परत येतो. येत असेल, मी कुठं नाही म्हणतो? पण ज्याला मी पाहिलं नव्हतं त्या माणसाची सवय मला का लागली, आणि नेमकी त्याच सकाळी का सुटली... याचं उत्तर त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. शोधायचं मी आता सोडलंय.

महिन्याभरानं सकाळी आळंदला गेलो होतो, तेवढं सांगतो. गंगक्कानं मला दारातच बोट ओठांवर ठेवून थांबवलं. आत अप्पा पाटावर बसले होते. डावा तळहात छातीसमोर, कापत होता, पण सरळ. त्यावर लिंग. उजव्या हातानं ते बेलाचं पान वाहत होते. गंगक्का पार लांब, माझ्याजवळ उभी होती. त्यांच्या हाताखाली कुणाचा हात नव्हता. पूजा झाली, त्यांनी लिंग गळ्यात बांधलं आणि मागं वळून न बघताच हाक मारली, "गंगा, ताट वाढ. मास्तरलाबी वाढ. लई भूक लागलीय."