खांद्यावरचा कोल्हा

मेहरुन गेल्याचं तिच्या विद्यार्थिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "रानात काय झालं?" ती रडत म्हणाली, "रानात न्हाय सर... घरातच. झोपंत गेल्या." काही आठवडे झाले, तरी मला ते पटत नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आम्ही दोघं बरोबरच लागलो. दर हिवाळ्यात ती मुलांना आजऱ्याच्या रानात न्यायची. ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे दाखवून कुठला प्राणी कुठून फिरतो ते शिकवायची. असं शांत मरण तिला येईल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

एका वर्षी ओढ्याकाठी आम्हाला कोल्हा सापडला. रानडुकरं मारायला कुणीतरी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला होता, तो यानं चावला होता. खालचा जबडा उडालेला, जीभ मातीत लोंबत होती, आणि तो जिवंत होता... मुलं ओकली. "तोंडं फिरवा," मेहरुन म्हणाली. दोन्ही हातांनी धोंडा उचलून तिनं त्याच्या डोक्यात घातला. एका घावात तो मेला नाही. दुसरा घालताना ती रडत होती.

मग तो मेलेला कोल्हा खांद्यावर टाकून ती थेट गावात गेली. कुर्ता रक्तानं माखलेला. पाराजवळ त्याला टाकून ओरडली, "बॉम्ब कुणी ठेवलाय त्यानं बघावं की! उद्या हितं पोरगं आसंल!" गर्दीतून एकजण पुढं आला, "तू कोण गं आमाला शिकीवनारी?" म्हणत त्यानं तिच्या तोंडावर ठोसा हाणला. दात तुटला. आमच्या मुलांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. मेहरुन त्याच्यावर आडवी पडली तेव्हा तिच्याही बरगडीत बसल्या. "सोडा त्याला," ती रक्त थुंकत म्हणाली, "दोन जीव मारायला आलोय व्हय आपण?"

सकाळी त्याची बायको आम्ही उतरलेल्या शाळेत आली. हात लांब ताणून धरलेल्या बादलीत पाणी, पाण्यात पिठाचे गोळे. "घरात पोरं हायत, बाई. हे घिऊन जावा." मेहरुननं बादली मोकळ्या मैदानात हळूच ठेवायला लावली, सगळ्यांना लांब नेलं, पोलिसांना फोन केला. वाट बघताना बाईनं विचारलं, "लई दुखतंय काय?"

"व्हय," मेहरुन म्हणाली, आणि सुजल्या तोंडानं हसली.

परवा तिच्याशिवाय पहिल्यांदाच मुलांना घेऊन तिकडं गेलो. रानात सगळ्यांच्या पुढं तीच चालायची, काठीनं पाला बाजूला सारत, आणि मागच्यांनी तिच्या पावलावर पाऊल टाकायचं. पायवाटेच्या तोंडाशी येऊन सगळे थांबलो...

बराच वेळ पुढं कुणी जाईना.