पाय आत्याचे, डोळे माझे

समोरचं माणूस बोलत असताना ऐकणाऱ्यानं हललेलं आमच्या आत्याला खपत नसे. वालूरच्या शाळेत तिनं सगळी हयात घालवली. तिच्या वर्गात कुणी बोलायला उभं राहिलं की बाकीच्यांनी पेन्सिलीला टोक करणंसुद्धा थांबवायचं. गावात ती सगळ्यांची ‘बाई’ होती. बोलता बोलता कुणी मोबाइलमध्ये बघायला लागलं की बाई तोंड मिटून घेत आणि मोबाइल खिशात जाईपर्यंत उघडत नसत. निवृत्त झाल्यावर ती जिंतूरला आमच्या घरी राहायला आली आणि हा कायदा माझ्या खोलीत लागू झाला. आत्या गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिच्याबद्दल सांगायचं तर मला एका व्हिडिओ गेमबद्दल सांगावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

मी तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो. निदान घरच्यांचा तसा समज होता. चहाच्या वेळेला मी टीव्हीला गेमचा डबा जोडून बसत असे. खेळातला नायक एक शिपाई. लढाईत त्याचा सोबती पडला आहे. त्या सोबत्याच्या हातातलं कडं डोंगरापलीकडच्या गावी त्याच्या आईला नेऊन द्यायचं, एवढंच त्याचं काम. वाटेत लुटारू, राक्षस आणि भरपूर तलवारबाजी. मी तो कितीदा तरी शेवटपर्यंत खेळलो होतो. मधल्या गावांतली माणसं त्याला थांबवून आपापली दुःखं सांगतात. ती सांगत असताना जगातले सगळे खेळणारे जे करतात तेच मी करत होतो. शिपायाला जागच्या जागी उड्या मारायला लावत होतो. माझा चहा घेऊन आत्या दारात कधी आली ते कळलं नाही.

“ती बाई रडायलीय, अन् हा उड्या कामून मारायलाय?”

“आत्या, ती गेममधली आहे. तिला दिसत नाही.”

“तिला न्हाई दिसत. मला दिसायलंय की.”

मी घाईघाईनं बटण दाबून त्या बाईचं रडणं पुढं ढकललं. आत्या चहा खाली ठेवून पलंगावर बसली. “वापस घे,” म्हणाली. मी सांगितलं, वापस घेता येत नाही. “मंग पुन्हा पयल्यापासून लाव.” आणि मी, चक्क, पहिल्यापासून लावला. आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नव्हती.

वालूरच्या देवळात श्रावणात पोथी लागायची. आमच्याकडं पोथीला दोघं लागतात: वाचक ओवी वाचतो आणि सूचक तिचा अर्थ मंडळींना उलगडून सांगतो. बायकांच्या पोथीला आत्या सूचक असे. तीच पद्धत तिनं माझ्या खोलीत आणली. मी खेळायचं आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायच्या. आत्यानं त्यांचा अर्थ आईला सांगायचा. आई मेथी निवडत ऐकत बसे. मी कामचुकार वाचक होतो. म्हातारा सुतार पडद्यावर भरभरून बोले आणि मी म्हणे, “काही नाही, पूल मोडलाय म्हणतो.” आत्या चष्म्यावरून बघायची. “इतका वेळ त्याचं तोंड हलायलंय, अन् निस्ता पूल मोडला?”

एकदा मी वैतागलो. म्हणालो, “गोष्ट काय, तोंडी लावायला असते. खरा खेळ हातात आहे. उडी कधी, वार कधी, लोळण कधी. गोष्टच पाहिजे असेल तर सिनेमा बघ.”

“आसं व्हय?” आत्या शांतपणे म्हणाली. “मंग त्याच्यापाशी कडं कामून दिलं? निस्तं मारायचंच व्हतं तर तलवार बास व्हती.”

मी शिपायाला पुढं पळवलं. पण माझं ‘खरा खेळ हातात आहे’ तिच्या डोक्यात राहिलं असावं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि हात पुढं केला. “आण तो रिमोट.”

ज्यांनी तो रिमोट कधी धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यावर दोन छोट्या दांड्या असतात. डाव्या अंगठ्याखालची दांडी नायकाचे पाय, उजव्या अंगठ्याखालची त्याची नजर. दोन्ही एकाच वेळी चालवाव्या लागतात. आत्याचा शिपाई आभाळाकडं बघत चालू लागला आणि थेट नदीत गेला. पुन्हा उठला, पायांकडं बघत निघाला आणि भिंतीला जाऊन भिडला. आत्या त्याच्याशी बोलायची, “वर नको बगू बाबा, म्होरं बग.” हसून हसून आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या हसली नाही. पहिल्या गावाच्या पाराभोवती ती त्याला नुसती फेऱ्या मारायला लावत राहिली, रोज संध्याकाळी, पहिलीच्या पोराकडून अक्षर गिरवून घ्यावं तशी.

आणि मग एका संध्याकाळी मी बाहेरून आलो तर पडद्यावर तो शिपाई गल्लीतून चालला होता. चालला होता, पळत नव्हता. दांडी जोरात ढकलली की तो पळतो, हलकी ढकलली की चालतो; पण इतकी हलकी ढकलायला कुणाला सवड असते? इतकी वर्षं खेळून मी त्याला चालताना पाहिलंच नव्हतं. नजर सरळ, कुणाला धक्का नाही, म्हातारी समोर आली की बाजूला होऊन वाट देणार. मी दारातच उभा राहिलो. आपल्याच खोलीत काहीतरी अपूर्व चाललं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

तिच्या खेळण्याचा सगळ्यात मोठा घोळ देवळापाशी झाला. डोंगराच्या पायथ्याशी एक पडकं मंदिर लागतं. आत शिरायच्या आधी आत्यानं मला विचारलं, याचे कपडे बदलायचे कुठून. मी दाखवलं आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर आत एक अजस्र पहारेकरी हातोडा उगारून उभा आणि आमचा शिपाई त्याच्यासमोर अनवाणी. त्याचे लोखंडी बूट आत्यानं दाराशी काढायला लावले होते.

“आत्या, बूट! बुटांनीच तर जीव वाचतो!”

“देवळात बूट घालून जायचं का मंग?”

हातोडा खाली आला. शिपाई लोळण घेऊन इतक्या चपळाईनं बाजूला झाला की मी बोलायचा थांबलो. लोखंडी बुटांच्या वजनानं तो इतके दिवस जड लोळत होता. वजन कमी केलं की तो चपळ होतो, ही या खेळातली जुनी युक्ती. पण संरक्षण सोडायला मी घाबरत आलो होतो. आत्या मात्र त्याला हातोड्याखालून काढत राहिली. बऱ्याच वेळा मेली, पुन्हा दाराशी आली, आणि अखेर तो धिप्पाड पहारेकरी गुडघ्यावर आला. “वार करायच्या आंदी खांदा सांगतोय,” ती म्हणाली. “दगड मारणारं पोरगं पण आसंच सांगतंय.” मेल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. “मरू दे की. पुन्हा चालू.”

त्या डोंगराच्या चढावर एका संध्याकाळी ती खेळता खेळता थांबली. खाली दरी, वारा, अंगठा जरा चुकला की शिपाई गेला. म्हणाली, “पोथीत ‘तो डोंगर चडून गेला’ आसं एका ओळीत आसतंय. म्या कितीदा अर्थ सांगितला आसन. पण डोंगर चडायचा मंजे काय, ते मला आज कळायलंय.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तू मनला ते खोटं न्हवतं. हातात बी हाय.” पोथीचा अर्थ सांगण्यात जिचं नाव होतं, ती माझ्यासारख्या उडाणटप्पूपाशी हे कबूल करत होती.

मग तिचा उजवा अंगठा हलायला लागला. आधी आम्हाला वाटलं, दमली असेल. परभणीच्या डॉक्टरांनी तिला इकडून तिकडं चालायला लावलं, बोटं जुळवायला सांगितली, आणि कंपवात म्हणाले. गोळ्यांनी थरथर कमी होईल, आजार थांबणार नाही. घरी आल्यावर आत्यानं रिमोट घेतला तर शिपायाची नजर थरथरत होती, आणि नजर हलली की पायाखालची वाट चुकत होती. मी तिला हळूच सांगितलं, यात एक सोय आहे. ‘फक्त गोष्ट’ असं निवडलं की शत्रू हात लावल्यावर पडतात, लढाई नावापुरती राहते.

“मंग मी कशाला पायजे तितं?” तिनं विचारलं. मग रिमोट माझ्याकडं अर्धा सरकवला. “डोळे तू धर. पाय माझे.”

असं आम्ही खेळू लागलो. एकच रिमोट, त्याच्या डाव्या बाजूला आत्याचा हात, उजव्या बाजूला माझा, दोघं खांद्याला खांदा लावून पलंगावर. सुरुवातीला रोज भांडणं. ती चालली पुलाकडं की मी बघे खजिन्याच्या पेटीकडं. “माझे पाय जिकडं, तिकडं बग,” ती ओरडायची. “तुझे डोळे लय चळतेत.” हळूहळू मला तिच्या पायांचा अंदाज येऊ लागला. ती वळणार हे तिच्या कोपरावरून मला आधी कळे. तलवारीचं बटणही माझ्याकडं होतं, पण ती शिपायाला जिथं नेऊन उभी करी तिथून वार चुकतच नसे. मी एकटा इतका चांगला कधी खेळलो नव्हतो, आणि त्यानंतरही नाही.

घरात मात्र तिचे स्वतःचे पाय अडू लागले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती अचानक खिळून उभी राही आणि पाऊल उचलत नसे. आई धावून हात धरायची. आत्याला त्याचा भयंकर राग येई. एकदा अशीच उंबऱ्यातून सुटून ती माझ्या खोलीत आली, धपकन बसली आणि म्हणाली, “सुध्या, डावा हात चालायलाय तवर ह्याला त्या माउलीपाशी पोचवायचंय. म्याच. दुसऱ्या कुणी न्हाई.” त्या दिवसापासून आम्ही एकही संध्याकाळ चुकवली नाही.

समाप्तीचा दिवस तिनंच ठरवला. पोथीच्या समाप्तीला करतात तसा आईनं शिरा केला, शेजारच्या सुमनकाकूंना बोलावलं. शेवटच्या खिंडीत एक राखणदार असतो. त्यानं आम्हाला पुन्हा पुन्हा लोळवलं. आत्याचा डावा हातही आता तिचं ऐकेनासा झाला होता, हे मला माझ्या बोटांना कळत होतं. अखेर तिनं शिपायाला राखणदाराच्या पाठीमागं नेलं, मी वार केला आणि तो कोसळला. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

खिंडीपलीकडं शत्रू नव्हते. चढाची एक वाट, टोकाला घर, दारात एक म्हातारी उभी.

“हात काढ,” आत्या म्हणाली.

“आत्या, नजर हलेल.”

“काढ मनलं न्हवं.”

मी हात काढला. तिनं दोन्ही हातांत रिमोट धरला आणि दोन्ही हात थरथरत होते. शिपाई निघाला. त्याची नजर दगडावर जाई, आभाळावर जाई, पुन्हा वाटेवर येई. पाऊल डावीकडं जाई, थांबे, सावरे. मी आधी डोळे मिटणार होतो. मग माझ्या लक्षात आलं की इतकं अंतर चालून आलेला माणूस शेवटी असाच चालेल. माझ्या हातात तो कधी दमलेलाच नव्हता. त्याला मी इतक्या वेळा या वाटेवरून सुसाट पळवलं होतं, आणि तो कुठून आला आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. आत्याच्या हातांत ते सगळं दिसत होतं. आईनं मेथी खाली ठेवली. खोलीत कुणी हललं नाही.

तो म्हातारीसमोर पोचला. आत्यानं दुसऱ्या हातानं उजवा अंगठा धरला आणि बटणावर दाबला. शिपायानं कडं पुढं केलं. म्हातारीनं ते घेतलं, त्याच्याकडं बघत राहिली, आणि पडदा हळूहळू पांढरा झाला.

“वन्सं,” आईनं हलक्या आवाजात विचारलं, “काय मनली हो ती?”

आत्यानं तिच्याकडं मान वळवली. अलीकडं तिचा आवाजही बारीक झाला होता. आई आणि काकू पुढं वाकल्या.

“‘लय दमला आसशील, बस,’ मनली.”

पडद्यावर एकही अक्षर उमटलं नव्हतं. मी रिमोटला हात लावला, तसा तिनं तो सोडून दिला.