गेणबाच्या पत्र्याखालची लोकर

आमच्या अंथुर्णे गावाच्या कडंला, ओढ्यापलीकडं गेणबाचं घर हाय. घर म्हंजे चार भिंती अन् वर पत्रा. बायको जाऊन लई वर्षं झाली. तवापासनं तो बोलतो ते मेंढरांशी. मेंढरं उलटून बोलत न्हाईत, तेवढीच सोय.

एकुलती लेक राजलक्ष्मी, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिच्या सासूनं फोनवर सांगितलं, "ऐन चैत्रात तुमच्या पत्र्याखाली बाळ भाजून निघेल. आम्ही इथंच करतो सगळं."

गेणबा माझ्या उंबऱ्याशी येऊन बसला. "वैनी, आई न्हाय म्हणून पोरीला माहेरच न्हाय व्हय?"

"माहेर हाय की भावजी," मी म्हणलं. "पण पत्रा बी हाय."

तसाच उठून गेला. मेंढरं कातरून लोकरीची पोती भरून पडली होती. पूर्वी घोंगडी विणणारे दारातनं न्यायचे. आता फुकट दिली तरी कुणी नेत न्हाय, बांधाला टाकून देतात. गेणबानं ती पोती घरात ओढली. पत्र्याखाली कळकाचे बांबू आडवे बांधले, गोणपाट ताणलं अन् मधल्या जागंत लोकर कोंबायला लागला.

"मेंढरू दिवसभर उन्हात असतंय, भाजतंय का?" शिडीवरनं मला विचारलं.

दाढीत लोकर, भुवयांवर लोकर. मी म्हणलं, "खाली उतरा, न्हाईतर कुणीतरी तुमालाच कातरून नेईल."

हसला. लई दिवसांनी हसला.

अन् खरंच घर गार झालं. माझा पंखा गरम वारा फेकायचा, म्हणून मी तांदूळ निवडायला त्याच्याकडं जायला लागले. पण आत पाय टाकला की वास यायचा, तेलकट, लेंड्यांचा.

"भावजी, लोकर धुतली न्हाय का?"

त्यानं नाक वर करून हुंगलं. "कसला वास? कायबी न्हाय."

जन्म कळपात झोपण्यात गेला, त्याला कसा यावा?

मग विहीणबाई घर बघायला आल्या. "गार आहे हो," म्हणाल्या अन् पदर नाकाला लावला तो जाईपर्यंत काढला न्हाय. चहा कपातच राहिला. दारात म्हणाल्या, "बाळाला हा वास सोसायचा नाही."

राजलक्ष्मीला पुण्यातच मुलगी झाली. ते कळल्यावर गेणबानं सगळी लोकर उतरवली, कालव्याच्या फाट्यावर नेली, रिठा लावून धुतली, खडकावर वाळवली अन् परत वर भरली.

"आता कुणासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"वास गेला का तेवढं बघा की वैनी. मला काय कळतंय त्यातलं."

गेला होता.

सवा महिना झाल्यावर राजलक्ष्मी बाळ घेऊन आली, एका दिवसासाठी. गेणबानं झोळी बांधली. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, अन् पोर झोळीत गाढ झोपली. गेणबा तिच्याकडं बघत राहिला, भाकरी खायची बी आठवण न्हाय.

राजलक्ष्मी घरभर फिरली. कोपऱ्यात थांबली. "आबा, आपल्या घराचा वास कुठं गेला?"

"धुतला," गेणबा म्हणला.

ती तशीच बाहेर मेंढरांच्या वाड्यात गेली अन् एका मेंढीच्या पाठीवर तोंड ठेवून उभी राहिली. परत आली तवा डोळं लाल.

"राहा की आठ दिवस," गेणबा म्हणला. "आता गार हाय."

"पुढच्या खेपंला, आबा."

उन्हं कलली, जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

झोळी अजून सोडली न्हाय. दुपारी गेणबा तिच्याखाली आडवा होतो. मी तांदळाचं सूप घेऊन गेले की तोंडावर बोट ठेवतो. झोळीत कुणी न्हाय, मला दिसतंय. तरी मी सूप हळूच टेकवते अन् बांगड्या मागं सारून निवडायला बसते.